समोरच्याचं स्टूल

९ जानेवारी

गौरवग्रंथ निघतोय — माझा! विद्यापीठातून विभागप्रमुखाचा फोन आला. माझाच विद्यार्थी. त्याचा प्रबंध मी तीनदा परत पाठवला होता. तेव्हापासून माझ्याशी फोनवर बोलतानाही तो उभा राहतो, आवाजावरून कळतं. "मॅडम, देशोदेशीचे अभ्यासक लिहायला तयार आहेत." म्हटलं, लिहू दे. मग घुटमळला. "मुखपृष्ठावर वस्तीतला तुमचा तो जुना फोटो घ्यायचा विचार होता. पण आता जे झालंय त्यानंतर... म्हणजे तुम्ही म्हणाल तसं."

जे झालंय. सगळे असंच म्हणतात आणि विषय बदलतात.

गेल्या वर्षी माझा मुलगा बाइकसकट पाण्याच्या टँकरखाली आला. तो टँकर चालवल्याचा आरोप ज्याच्यावर आहे, तो माणूस त्याच वस्तीतला, जिच्यावर मी सगळं आयुष्य लिहिलं. झालं. दोन वाक्यं आहेत. मला लिहिता येतात की!

फोटो घ्या म्हटलं.

१३ जानेवारी

सरकारी वकीलबाईंकडे जाऊन आले. पंखा बंद, जिकडेतिकडे फायली, पाहुण्याच्या खुर्चीवरसुद्धा एक जाडजूड फाइल ठाण मांडून बसलेली. ती उचलून मला बसवलं. "केस कच्ची आहे, मॅडम. खोटं कशाला सांगू?"

टँकरच्या मालकाकडे पाच ड्रायव्हर. किल्ल्या एकाच खिळ्याला. ज्याला लागेल तो घेतो, लिहून कुणी ठेवत नाही. अपघातानंतर टँकर वस्तीच्या तोंडाशी उभा सापडला. चालवत कोण होतं, हे कुणी पाहिलं नाही. संशयावरून या माणसाला धरलं, जामिनावर सोडलं. तो कोर्टात एक अवाक्षर बोलत नाही.

"गप्प राहण्याचा त्याला हक्क असतो, मॅडम." लहान मुलाला समजावतात तसं. मला! हा हक्क मी वर्गात शिकवत आले. तो कुठून आला, किती लोकांच्या पाठी सोलल्या गेल्यावर आला, सगळं. चांगला हक्क आहे. चांगलाच आहे.

मी विचारलं, दुसऱ्या बुटाचं काय?

"कोणता बूट?"

पोलिसांनी जी पिशवी दिली तिच्यात एकच बूट होता. डावा. मुलगा लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत इंजिनीयर. पुढे लोखंडी टोपी असलेले जड बूट घालायचा आणि नाडी अशी आवळायचा की घरी आल्यावर सोडवताना शिव्या द्यायचा. तसला बूट आपोआप निघत नाही. कुणीतरी काढला. म्हणजे कुणीतरी जवळ होतं. अहवालात लिहिलंय की बराच वेळ श्वास चालू होता. मग तो काही बोलला का? कुणाशी? काय?

"त्याने केसला फरक पडत नाही, मॅडम."

मला पडतो!

१४ जानेवारी

डॉक्टरला बुटाचं सांगितलं. (नवऱ्याला मी लग्नाआधीपासून डॉक्टरच म्हणते. लोकांचे दात काढतो. माझ्यावर आजवर एकदाही दात ओठ खाल्ले नाहीत, आता खातो.) म्हणाला, "बूट गेला खड्ड्यात. मला तो माणूस आत हवाय." आणि खाली दवाखान्यात निघून गेला. थोड्या वेळाने कुणीतरी खुर्चीत ओरडलं. घरात हल्ली तेवढाच आवाज असतो.

१९ जानेवारी

गौरवग्रंथासाठी 'बैठकी'वर एक पान हवंय, 'बाहेरच्या वाचकाला काहीच माहीत नाही असं धरून'. बाहेरचा वाचक! जन्म गेला त्याची समजूत काढण्यात. माझा पहिला लेख तिकडून परत आला तेव्हा शेरा होता — 'निरीक्षणे रंजक, सिद्धांत नाही.' म्हणजे उदाहरणं आम्ही पुरवायची, सिद्धांत युरोपात होणार. भूक मला लागलेली, आणि भूक म्हणजे काय ते शेजारी सांगणार. न्याय म्हणजे शिक्षा, ज्ञान म्हणजे कागद, हे एका खंडातल्या लोकांनी आपल्यापुरतं ठरवलं आणि मग सगळ्यांच्या गळ्यात मारलं — हे एवढंच मी आयुष्यभर वेगवेगळ्या सभागृहांत म्हणत आले. बहुतेक सभागृहांत एसी फार होता.

तर पान असं लिहिलं:

'वस्तीत कुणी कुणाचं वाईट केलं की बैठक बसते. प्रत्येकजण घरून आपापलं स्टूल आणतो. ज्याचं वाईट झालं तो प्रश्न विचारतो, ज्याने केलं तो उत्तरं देतो. खोटं बोलायचं नाही, गप्प राहायचं नाही. प्रश्न संपेपर्यंत बैठक चालते. प्रश्न संपले की बैठक उठते. शिक्षा नाही. आणि बैठकीतलं बोलणं बैठकीबाहेर न्यायचं नाही.'

खाली ती स्टुलाची गोष्टही घातली. परदेशात सांगते तेव्हा लोक हमखास हसतात. दोन भाऊ, विहिरीवरून भांडण. थोरल्याने बैठकीतलं बोलणं बाजारात जाऊन सांगितलं. बैठक मोडली. तेव्हा वस्तीने धाकट्याचं स्टूल उचलून थोरल्याच्या घरात नेऊन ठेवलं. कारण नियम असा की जो बैठक मोडेल त्याने समोरच्याचं स्टूल घरात डोळ्यांसमोर ठेवायचं. त्यावर बसायचं नाही, टाकून द्यायचं नाही. समोरचा म्हणेल तेव्हा बैठक पुन्हा बसणार, आणि या खेपेला प्रश्न विचारणार समोरचा. तोवर थोरल्याची बायको म्हणे रोज त्या स्टुलाला अडखळायची आणि नवऱ्याचा उद्धार करायची. इथे हशा.

मुलाला हे सगळं भाबडं वाटायचं. "आई, लिफ्ट अडकली की आम्ही तिला प्रश्न विचारत नाही बसत."

२७ जानेवारी

मोठीआई येऊन गेली.

वस्तीत सगळे तिला मोठीआई म्हणतात. बैठक तीच बसवते. फाटकाबाहेर उभी राहिली. आत या म्हटलं, तर म्हणाली, "डॉक्टरांना विचारा आधी." डॉक्टरने वरच्या खिडकीचा पडदा ओढून घेतला. तिने ते पाहिलं. मग फाटकाच्या अलीकडे मी, पलीकडे ती, असंच बोललो.

"तो बसायला तयार आहे, बाई. त्याचा वकील नको म्हणतोय. तरी बसतो म्हणाला. तुमचं स्टूल पुढे घेतलंय."

माझं स्टूल! वस्तीने मला ते बनवून दिलं तेव्हा हा मुलगा पोटात होता. एक पाय बुटका, बसलं की डुगडुगतं; राहतं मोठीआईकडेच. इतकी वर्षं ते मागच्या रांगेत होतं, पाहुण्यांच्या.

"निकालानंतर नाही का बसता येणार?"

"निकालानंतर तो आत असेल. नाहीतर सुटलेला असेल. सुटलेला माणूस कशाला तोंड उघडेल, बाई?"

जाताना वळून म्हणाली, "आणि तिथलं तिथेच राहू द्या. मागच्यासारखं नको."

मागचं म्हणजे खाणीचा खटला. डोंगर वस्तीचा आहे हे खाणवाल्याने एका बैठकीत कबूल केलं होतं. कागद नव्हता. कोर्ट म्हणालं, तोंडी गोष्टी नकोत. मी तज्ज्ञ म्हणून उभी राहिले आणि भांड भांड भांडले. जे लिहिलं तेवढंच खरं, हे कुणी ठरवलं? आणि कोर्टाने मानलं! बैठकीतलं बोलणं पुरावा ठरलं. डोंगर वाचला. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा दिवस. वस्तीत लोक नाचले. मोठीआई तेवढी म्हणाली, "डोंगर राहिला, बरं झालं. पण ते बोलणं तिकडे न्यायला नको होतं." मी तिला मिठी मारली आणि पुढच्या लेखात तिच्या त्या म्हणण्यावर एक परिच्छेद लिहिला.

३० जानेवारी

वकीलबाईंना विचारून पाहिलं. "अजिबात पाऊल टाकू नका तिथे! आपसात मिटवलं म्हणतील आणि आहे ती केसही जाईल."

२ फेब्रुवारी

जाणार नाही.

३ फेब्रुवारी

डाव्या बुटाला पॉलिश केलं. कशाला केलं?

६ फेब्रुवारी

डॉक्टर जेवताना म्हणाला, "तू त्या बैठकीला गेलीस तर माझ्याशी बोलू नकोस." जसं काही बोलतोच आहोत.

खरं तर मलाही तो आत हवा आहे. हे कुठेही छापलेलं नाही, म्हणून इथे लिहिते. तो सडावा असं मला वाटतं. सभागृहात जे बोलले ते आठवतं तेव्हा ती बाई कोण होती असं वाटतं. तिचा मुलगा रोज संध्याकाळी घरी येत होता, म्हणून तिला ते सुचत होतं.

८ फेब्रुवारी

तिकडच्या प्रोफेसरचा फोन. लाल नाकवाला, ज्याने वीस वर्षं मला 'क्षेत्रकार्यातली मैत्रीण' म्हटलं आणि माझी कल्पना आपल्या पुस्तकात स्वतःच्या नावाने घातली. गौरवग्रंथात लिहितोय. आवाज अगदी मऊ. म्हणाला, आता तुझ्याकडे आतून आलेला पुरावा आहे. या अनुभवावर तू एक प्रकरण लिहावंस, फार मौल्यवान होईल.

माझा मुलगा उदाहरण! सिद्धांत तिकडे!

फोन आपटला. मग चपला घातल्या, फाटकापर्यंत गेले, परत आले.

बूट कुणी काढला, हे मला माहीत करून घ्यायचंय. बाकी सगळं जाऊ दे.

११ फेब्रुवारी

गेले.

डॉक्टरला विभागात जाते म्हणून सांगितलं. वस्तीत पाण्याच्या टाकीमागे पत्र्याची शेड आहे, तिथे स्टुलं मांडलेली. माझं पुढे. पहिल्यांदाच वहीपेन नव्हतं; हात आपला सारखा पिशवीत चाचपत होता. टँकरवाला समोर बसला. कोर्टात त्याची पाठच दिसते. चेहरा आज पाहिला. चाळिशीचा, दाढीचे खुंट पांढरे. त्याच्या स्टुलावर निळा रंग सांडलेला, टँकर रंगवताना सांडलेला असणार. मी बराच वेळ त्या रंगाकडेच बघत होते.

"टँकर कोण चालवत होतं?"

"मी."

एवढंच! वर्षभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, तो एक शब्द मिळाला नाही. इथे विचारला आणि मिळाला. मला राग आला. काय करू त्या शब्दाचं?

"कसं झालं?"

"डोळा लागला, बाई. सकाळपासून खेपा चालू होत्या. गाडी पलीकडच्या बाजूला गेली. ते त्यांच्या बाजूने नीट येत होते. त्यांचं काही चुकलं नाही."

"मग?"

"उतरलो. तेव्हा पळालो नव्हतो. जवळ गेलो. शुद्धीवर होते."

पुढचं मी कसं विचारलं आठवत नाही. त्याने सांगितलं ते आठवतं. मुलगा म्हणाला, पाय आवळतोय, बूट काढा. नाडीची गाठ सुटेना, ती याने दातांनी सोडवली. मग मुलगा म्हणाला, "बाबांना फोन करा. आईला नको, आईचं लेक्चर चालू असेल."

लेक्चर चालू होतं. विषय हीच बैठक.

"केलास फोन?"

"त्यांच्या खिशातला काढला. उघडेना. त्यांना विचारत होतो कसा उघडायचा. तेवढ्यात वळणावर गाडीचे दिवे दिसले. आणि पळालो. बूट हातातच राहिला."

"तेव्हा तो जिवंत होता?"

"होते, बाई."

एकच प्रश्न मी किती तऱ्हांनी विचारला. का पळालास. कसा पळालास. मागे वळून पाहिलंस का. दर वेळी त्याने उत्तर दिलं, दर वेळी तेच. कुणी घाई केली नाही. लोक पाणी पिऊन येत, परत आपल्या स्टुलावर बसत. ऊन शेडच्या या टोकाकडून त्या टोकाला गेलं आणि माझ्या लक्षात आलं की आता माझ्याजवळ काही उरलेलं नाही. तोंडातून निघालं, "माझे प्रश्न संपले." हे वाक्य मी किती लोकांना म्हणताना ऐकलंय! म्हटल्यावर गेलेला माणूस पुन्हा एकदा जातो, हे कुणीच मला सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

मागच्या रांगेतल्या दोन पाहुण्यांना नेहमीप्रमाणे मोठीआईच्या घरी चहाला नेलं. सवयीने मीही उठले. तिने माझा खांदा दाबला.

"बसा. अजून त्याचं राहिलंय."

त्याचं? म्हणजे शेवटी ज्याने वाईट केलं तोही विचारतो! एकच प्रश्न, पाहुणे उठल्यावर. इतकी वर्षं मी त्या वेळी आत चहा पीत बसले होते!! 'प्रश्न संपले की बैठक उठते' — माझं प्रसिद्ध वाक्य, चार भाषांत गेलंय. चहाच्या कपावर उभा केलेला सिद्धांत. दुसरी कुठली वेळ असती तर हसून हसून लोळले असते.

टँकरवाल्याने पहिल्यांदाच मान वर केली. "कोर्टात सारखं मयत, मयत म्हणतात. घरी तुम्ही काय म्हणायचात त्यांना?"

वर्षभर ते नाव घरात कुणी उच्चारलेलं नाही. या वहीतही नाही.

"टिल्लू," मी म्हटलं. "सहा फूट उंच होता. पण टिल्लूच."

मग मी रडले. हमसून हमसून, नाक गळेपर्यंत, सगळ्यांसमोर. कुणी गप्प बसा म्हणालं नाही.

निघताना त्याने जुन्या शर्टात गुंडाळलेला उजवा बूट माझ्या हातात दिला. बोलणं इथेच राहतं, वस्तू ज्याची त्याला जाते. मोठीआई वस्तीच्या तोंडापर्यंत आली. "आता झोप लागेल तुम्हाला," म्हणाली.

१२ फेब्रुवारी

लागली.

सकाळी दोन्ही बूट रॅकवर ठेवले. जोडी दिसावी, एवढंच. डॉक्टर पायात चपला सरकवायला आला आणि तिथेच थबकला.

"हा कुठून आला?"

मी गप्प.

"गेलीस तू. त्यानेच चालवला ना? त्याने सांगितलं ना तुला? बोल की!"

गप्प राहण्याचा मला हक्क आहे!

"जन्मभर ओरडत आलीस, त्यांचं बोलणं कोर्टाने ऐकलं पाहिजे म्हणून. मग ऐकव ना आता! की तुझा मुलगा मेला की तेवढं नाही चालत?"

आतल्या आत एकच चाललंय: त्याने तुला फोन करायला सांगितलं होतं, डॉक्टर. मला नाही. तुला. हे तुला सांगता येत नाही.

१५ फेब्रुवारी

आज जवळजवळ सांगितलं. तो रुग्णाच्या दातांचा ठसा घेऊन वर आला होता, पांढरे हात. "काय?" म्हणाला. म्हटलं, काही नाही, पाणी येऊन गेलं.

१९ फेब्रुवारी

पाच दिवसांनी शेवटची सुनावणी. वकीलबाई मला उभं करणार. "फक्त मुलाबद्दल बोला, मॅडम. सिद्धांत नको." मोठीआईने बजावलेलं मोडायचं नाही. डॉक्टरकडे पाहायचं नाही. दोन गोष्टी सांभाळल्या की झालं.

२४ फेब्रुवारी

कोर्ट. टँकरवाला त्याच्या जागी, पाठ माझ्याकडे नाही या वेळी. मागच्या बाकावर मोठीआई. डॉक्टर पहिल्या रांगेत, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत काय आहे ते तिच्या आकारावरूनच कळत होतं. दोन्ही आणले होते.

मुलाबद्दल बोलले. नीट बोलले. मग टँकरवाल्याचा वकील उठला. गोड माणूस. हातात माझं पुस्तक, पानापानाला चिठ्ठ्या. "शिक्षेने जखम भरत नाही — हे आपलंच वाक्य ना, मॅडम?" "हो." "आपल्याबद्दल आम्हाला अतिशय आदर आहे." असू दे.

मग तो न्यायाधीशांकडे वळला. म्हणाला, माझा अशील तिथे होता याला पुरावा नाही. आणि कोणीही असो, चूक कोणाची? मयत तरुण भरधाव, चुकीच्या बाजूने येत असावा, बहुधा कानाला फोन. "आजकालची मुलं," म्हणाला आणि हसला.

मी टँकरवाल्याकडे पाहिलं. त्याची मान खाली. त्याला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं. त्या खोलीत आम्हा दोघांनाच ठाऊक होतं, आणि मोठीआईला.

गप्प राहता आलं असतं का? आलं असतं. हे लिहून ठेवते. कुणी माझा हात पिरगाळला नव्हता.

"तो त्याच्या बाजूने नीट येत होता. यानेच मला सांगितलं."

"कुणी?" न्यायाधीशांनी विचारलं.

मग थांबताच आलं नाही. सगळं बाहेर आलं. "मी" म्हणालेला तो शब्द, लागलेला डोळा, दातांनी सोडवलेली नाडी, 'बाबांना फोन करा'. डॉक्टरच्या मांडीवरून पिशवी घसरली, लोखंडी टोपीचा आवाज झाला.

गोड माणूस ओरडायला लागला — ऐकीव गोष्ट, असल्या बैठकीतलं बोलणं हा काय पुरावा? वकीलबाई उठल्या. त्यांनी खाणीच्या खटल्याचा निकाल म्हणून दाखवला. पाठ होता त्यांना. माझा निकाल! माझ्याच भांडणाचा! न्यायाधीश मान हलवत लिहून घेत होते.

टँकरवाल्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मागे बाक करकरला. मोठीआई उठून गेली होती.

संध्याकाळी डॉक्टर दवाखाना न उघडता बसून राहिला. "बाबांना करा म्हणाला?"

"हो."

"मी रिकामा होतो त्या वेळी. एकही पेशंट नव्हता. पेपर वाचत होतो."

वर्षभरात पहिल्यांदा आम्ही दोघं एका खोलीत रडलो. ते मला हवं होतं. कशाच्या बदल्यात मिळालं, तेही मला माहीत आहे.

१४ मार्च

चार वर्षं.

डॉक्टरला आनंद होईल असं वाटलं होतं. घरी आल्यावर म्हणाला, "मग आता?" आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

विभागप्रमुखाचा फोन. उभाच असणार. "मॅडम, ऐतिहासिक! फौजदारी खटल्यात बैठक पहिल्यांदा! गौरवग्रंथात आपण हे..." म्हटलं, मुखपृष्ठावरचा तो फोटो काढून टाक. लाल नाकवाल्याचं अभिनंदन आलंय: तुझा सिद्धांत सिद्ध झाला.

२२ मार्च

वस्तीवर गेले. राहवलं नाही. शेडमध्ये लोक स्टुलांवर बसलेले. कुणाच्या तरी शेळ्यांचं प्रकरण होतं. लांबूनच पाहिलं. उत्तर कुणी देत नव्हतं. विचारणारा विचारी, समोरचा जमिनीकडे बघत बसे. थोड्या वेळाने एकेकजण स्टूल उचलून घरी गेला.

मोठीआई दारात धान्य निवडत होती. "बसतात, बाई. बोलत कुणी नाही. कोण कुठे नेऊन सांगेल, काय सांगता येतं?" भांडली नाही. चहा विचारला नाही. माझं स्टूल कुठे दिसलं नाही, आणि विचारायला जीभ रेटली नाही.

डोंगर मी वाचवला होता. एवढं म्हणून पाहिलं मनाशी. काही उपयोग नाही झाला.

२ एप्रिल

सकाळी फाटकापाशी स्टूल. वाटलं, माझं परत पाठवलं. हात लावून पाहिलं तर डुगडुगलं नाही. चारही पाय सारखे, बसायच्या जागी निळा रंग सांडलेला.

डॉक्टर पेपर घ्यायला आला. "कुणाचं हे?" सांगितलं. चार वर्षांनी तो सुटेल, बैठक पुन्हा बसेल, तो विचारेल आणि उत्तरं मी द्यायची, हेही सांगितलं. कुणी हसलं नाही.

डॉक्टरने पेपर काखेत मारला. मग दोन्ही हातांनी स्टूल उचललं.

"कुठे ठेवू?"

"रोज दिसेल असं."